नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?

आपल्या विधानसभेतला प्रत्येक तारांकित प्रश्न असा हात जोडून आत येतो. मग त्याची कलमं सुरू होतात. अमुक तालुक्यात तमुक प्रकार घडल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरंही सोबतच छापलेली. पहिल्याचं: हे अंशतः खरे आहे. मधल्या दोहोंचं मिळून चार ओळी. शेवटच्याचं: प्रश्न उद्भवत नाही.

बोटीला परवाना नसो, दवाखान्यात डॉक्टर नसो की नळाला पाणी नसो, शेवटचं उत्तर ठरलेलं. ते कुणाला नव्याने टंकावंही लागत नसेल. मागच्या अधिवेशनाच्या फायलीतून आपलं आपण चालत येत असेल.

'अंशतः खरे' त्याहून गुणी. 'होय' म्हटलं की कारवाई दाखवावी लागते. 'नाही' म्हटलं आणि समोरच्याने खिशातून फोटो काढला की पंचाईत. अंशतः मात्र बारमाही. नेमका कोणता अंश खरा, ते सांगायचं बंधन नाही.

प्रश्नाच्या डोक्यावर सदस्यांची नावं असतात, कंसात मतदारसंघ. एकाच विषयावर बऱ्याच जणांनी प्रश्न टाकले की सगळ्यांची मोट बांधून एकच छापतात, त्यामुळे कधीकधी नावांची रांग प्रश्नापेक्षा लांब होते. मासेमारीच्या प्रश्नावर ज्यांच्या मतदारसंघातलं तळंही मार्चमध्ये आटतं असेही सन्माननीय सापडतात. हरकत नाही. मासळी सगळेच खातात, निदान बुधवार, शुक्रवार आणि रविवार.

तास एक आणि प्रश्न ढीगभर. तोंडी चर्चेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात, बाकीचे छापील उत्तरावर समाधान मानून घरी जातात. घरी बॅनर तयारच असतो: 'सभागृहात आवाज उठवला!' आता बॅनरही जुना झाला, रील आली. रीलमध्ये आमदार उभे राहतात, कागद हलवतात, मागे ढोल-ताशा वाजतो आणि मंत्री उत्तराला उठायच्या आत रील संपते. मतदारसंघात कुणाला उत्तर काय आलं ते विचारा. प्रश्न उद्भवत नाही.

मला विचाराल तर छापील प्रश्नोत्तराला फार किंमत देऊ नये. खरी मेख उपप्रश्नात आहे. छापील उत्तर तालुक्यातून निघतं, जिल्ह्यात तपासलं जातं, आयुक्तालयात घासून-पुसून घेतलं जातं, मंत्रालयातला कक्ष अधिकारी ते शासकीय मराठीत बुडवून काढतो आणि मगच मंत्र्यांच्या सहीला जातं. उपप्रश्न मात्र मंत्र्याला उभ्या उभ्या झेलावा लागतो. त्या क्षणी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघावं. सचिव उपसचिवाकडे बघतात, उपसचिव मागे बसलेल्या सहआयुक्तांकडे, सहआयुक्त फायलीत. मग एक चिठ्ठी निघते आणि वाकत वाकत मंत्र्यांच्या बाकापर्यंत पोचते. तोवर मंत्री बोलतच असतात: "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा, अतिशय जिव्हाळ्याचा प्रश्न या ठिकाणी उपस्थित केलेला आहे..." हे वाक्य चिठ्ठी येईपर्यंत पुरवायचं असतं. मुरलेला मंत्री ते दीड मिनिट ओढतो. नवखा असेल तर चिठ्ठीच वाचून दाखवेल, 'साहेब, एवढ्यावर वेळ मारून न्यावी' यासकट.

पण हे सगळं केव्हा, तर उपप्रश्नाला धार असेल तेव्हा. आणि धार येते ती माहितीने, आवाजाने नाही.

एलईडीचंच घ्या. रात्री समुद्रात जनरेटर लावून प्रखर दिवे सोडायचे, मासळी उजेडाला गोळा झाली की पर्ससीनचं जाळं फिरवायचं आणि सगळी उचलायची, पिल्लांसकट. केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात यावर बंदी घातली. राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चाळीस वर्षांनी, २०२१ साली, दुरुस्त केला. एलईडीवाल्याला ५ ते २० लाखांपर्यंत दंड. पर्ससीनवर तर त्याआधीच, सोमवंशी समितीच्या अहवालावरून २०१६ मध्ये, सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच मुदतीची मर्यादा आलेली. २०२५ च्या जानेवारीत ड्रोनही आले. बंदी आहे, कायदा आहे, दंड आहे, ड्रोन आहे. उरलं काय? दिवे. तेही आहेत.

आता प्रश्न: एलईडीद्वारे अवैध मासेमारी सुरू असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? अंशतः खरे. कोणती कार्यवाही? गस्त वाढवण्यात आली असून ड्रोनद्वारे निगराणी ठेवण्यात येत आहे. बाकं वाजतात.

इथे एखाद्या सदस्याने आवाज न चढवता विचारावं: मंत्रिमहोदय, दिवे रात्री लागतात. ड्रोन किती वाजता उडतो? त्याने टिपलेल्या नौकांपैकी किती जणांकडून दंड प्रत्यक्ष वसूल झाला आणि किती प्रकरणं अपिलात आहेत? जप्त मासळीचा लिलाव झाला असेल तर ती घेतली कुणी? तीन छोटे प्रश्न. चिठ्ठीला गॅलरीतून चार फेऱ्या माराव्या लागतील.

हे प्रश्न सुचायला विधिमंडळाच्या ग्रंथालयात बसावं लागत नाही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढणारा कुणीही हातातली दोरी न सोडता विचारेल, "दिवसा इलेलो ड्रोन रातच्या दिव्यांचा काय करतलो?" पण सभागृहात काय होतं? सदस्य उठतात, कोळी बांधव देशोधडीला लागल्याचं तीन मिनिटं सांगतात, मागच्या सरकारचा उद्धार करतात, त्यावर समोरून कुणी उठतं आणि अध्यक्ष म्हणतात, "प्रश्न विचारा, भाषण नको." तोवर पुढचा प्रश्न पुकारला जातो. मंत्र्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या वेळी अंशतः नसतो.

त्यात समुद्राला हद्दी आहेत. राज्याचा समुद्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, पुढचा दिल्लीचा. बोट अकराव्या मैलावर असली तर कारवाई प्रस्तावित, तेराव्यावर गेली तर केंद्राशी पत्रव्यवहार सुरू. मलपीचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या पाण्यात शिरून जाळी फाडून गेले की विषय कर्नाटकाशी चर्चेचा. गोव्याची बोट आली तर शेजारधर्माचा. मासळीला एवढा नकाशा पाठ नाही हा तिचा दोष.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड, कर्ज, विमा अशा सवलती. चांगलं झालं, त्यात खोट काढायची नाही. उपप्रश्न मात्र विचारायलाच हवा. पीक गेलं की तलाठी (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बांधावर येतात आणि पंचनामा करतात. न सापडलेल्या मासळीचा पंचनामा कोणत्या बांधावर? मत्स्यदुष्काळ जाहीर करा म्हणून मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडतायत. शेतकऱ्याच्या गावाची पैसेवारी निघायची, ती पन्नासच्या आत आली की दुष्काळ मानला जायचा. समुद्राची पैसेवारी कोण काढणार आणि पाण्यात कुठे उभं राहून काढणार? शेती म्हणायचं तर पुरतं म्हणावं.

बाकी मानमरातबात कमी नाही. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेट राज्यमासा झाला. शेकरू, हरियाल, तामण यांच्या पंगतीला तो जाऊन बसला. राज्यचिन्हांमध्ये कायदा न मोडता तळता येईल असा तो एकटाच. मागणी सातपाटीसारख्या बंदरांतून आलेली, कारण पापलेट घटत चाललाय. सरकारने त्याला पदवी दिली. कोणत्या मापाच्या आतली मासळी धरायची नाही तेही ठरवलं. ते माप बंदरावर रोज पहाटे कोण मोजतं, हा पुन्हा उपप्रश्न.

त्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ, वाढवण बंदर उभं राहतंय. ७६,२२० कोटी रुपये. हा आकडा कुठल्याही मंत्र्याला मध्यरात्री उठवून विचारा, तोंडपाठ. मच्छीमार संस्थांचा डिझेल परतावा किती थकलाय म्हटलं की माहिती घेऊन पटलावर ठेवतात.

पटलावर जागा मोठी असावी.

बोट धक्क्याला लागली आणि खलाशाचा हात दोरखंडात चिरडलाय असं धरू. समुद्रात होता तोवर तो मत्स्यव्यवसाय विभागाचा. जेट्टीवर पाय ठेवला की बंदरे. तिथून पुढे आरोग्य. आरोग्य केंद्राची इमारत गळत असेल तर ती जिल्हा परिषदेची, म्हणजे ग्रामविकास. रस्त्यात खड्डा लागला तर सार्वजनिक बांधकाम. मध्ये झाडं लागली तर वन. माणूस एक, खाती सहा, आणि प्रत्येक मंत्री मनापासून सांगणार की हा प्रश्न माझ्या विभागाशी संबंधित नाही. खोटं नसतं ते. अंशतः खरं असतं.

डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर तीस हजारांना एक, असा निकष आहे. केंद्रात डॉक्टर नाहीत हे खरे आहे काय? हे खरे नाही, पद भरलेले आहे. आणि पद खरंच भरलेलं असतं! पदावरचा माणूस तेवढा प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या गावी बसतो. हजेरी तिकडे, पद इकडे. इथे चालतो तो एकच उपप्रश्न: पद भरलंय, मान्य, काल रात्री दोन वाजता केंद्रात कोण होतं?

ही चेष्टा नाही. सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन राहिले. विंचू चावून माणसं मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी करत राहिले आणि त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला, 'लॅन्सेट'पर्यंत गेला. जगाने दखल घेतलेल्या त्या संशोधनाची पहिली अट होती, डॉक्टर रात्री केंद्रात असणे. आता तीच अट तारांकित प्रश्नाचा विषय झालीय.

सिंधुदुर्गात आजारी पडणं सोपं, बरं व्हायला राज्य ओलांडावं लागायचं. जरा गंभीर झालं की डॉक्टर म्हणणार, "बांबोळीला हलवा." बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सावंतवाडी-दोडामार्गाकडचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच गेला. मग २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने परप्रांतीय रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात माणसं रस्त्यावर उतरली. तेव्हा आपल्याकडे गोव्यावर टीका करायची अहमहमिका लागली होती. गोव्याने काय वाईट केलं? इतकी वर्षं महाराष्ट्राचं जिल्हा रुग्णालय फुकट चालवलं, एवढंच. नंतर ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. त्याच जिल्ह्यात चिपीचा विमानतळही झाला, २०२१ साली. पेशंटने कुठे जायचं ते ठरेना, पण कसं जायचं याची सोय झाली.

मोखाड्याची गोष्ट मात्र तिरकस लिहिता येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, देश अमृतमहोत्सव साजरा करत होता त्याच दिवसांत, तिथल्या मरकटवाडीतल्या एका बाळंतिणीला रस्ता नाही म्हणून झोळी करून डोंगर उतरवावं लागलं. तिची जुळी वाचली नाहीत. विरोधी पक्षनेत्यांनी विषय विधानसभेत मांडला. त्याच डोंगरपट्ट्यात, वावर-वांगणीत, १९९२-९३ मध्ये मुलं दगावली होती. तेव्हाही सभागृहं तापली, मंत्री गेले, योजना निघाल्या. पुढे २०१४ मध्ये पालघर जिल्हासुद्धा वेगळा निघाला. 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' हा प्रश्न खराखुरा विचारायची जागा ही होती. तीस वर्षांचा विलंब, कारणांसहित. पण तीस वर्षांत सगळेच पक्ष कधी ना कधी त्या खुर्च्यांवर बसून गेलेले, तेव्हा चौथं कलम कुणी कुणाला विचारायचं?

अडचण तीच. २०१९ पासून या राज्यात बाकांची इतकी अदलाबदल झालीय की गेल्या अधिवेशनात प्रश्न विचारणारा या अधिवेशनात उत्तर देतो. आपणच उठवलेला आवाज फाइल होऊन आपल्याच टेबलावर येतो. अशा वेळी माणूस फाइल उघडतो, वर आपलं नाव बघतो आणि सवयीने म्हणतो, तपासून घ्या.

गावच्या पाण्याचं थोडक्यात. 'हर घर जल' २०१९ मध्ये निघालं, २०२४ पर्यंत संपायचं होतं, आता मुदत २०२८. दरडोई दररोज ५५ लिटर. नळ आहे का? आहे. पाणी येतं का? तो वेगळा तारांकित. ठेकेदारांची बिलं थकलीत का? तो वित्त विभागाचा.

एक मात्र सदस्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. हे प्रश्न मुळात त्यांचे नव्हेतच. गावचा पाइप, उपकेंद्राचं कुलूप, शाळेचं छप्पर हे जिल्हा परिषदेच्या सभेत विचारायचं. पण २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, निवडणुका कोर्टकचेरीत अडकल्या. मग उपकेंद्राचं कुलूप थेट विधान भवनात आलं. तिथे मंत्री म्हणाले, हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा विषय आहे. स्थानिक आहे, स्वराज्यही असेल, संस्थेचा पत्ता द्या.

मंत्री जागेवर असले तरच हेही संभाषण शक्य. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका सकाळी मंत्रीच आले नाहीत म्हणून बहुतेक लक्षवेधी पुढे ढकलाव्या लागल्या. लक्ष वेधायचं कुणाचं, रिकाम्या बाकांचं? आणि असले जागेवर तरी काय, २०२५ च्या जुलैत विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसली. ते म्हणाले, जाहिरात घालवत होतो. त्यांचं कृषी खातं काढून घेतलं आणि क्रीडा दिलं. या सरकारला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

आणि उपप्रश्न खरंच वर्मी लागला तर? तर मंत्री सगळ्यांत प्रभावी उत्तर काढतात: "सन्माननीय सदस्य आणि संबंधितांची माझ्या दालनात बैठक लावू." सदस्य बसतात. बाकं वाजतात. रील कापायला इथून जागा मिळते.

ती बैठक लागते असं आपण धरून चालू. संबंधित म्हणजे मालवणचा तांडेल. त्याने रातोरात रेल्वे पकडून मुंबईत यायचं, आणि यायच्या आधी मंत्रालयाच्या 'डिजीप्रवेश' अ‍ॅपवर नोंदणी करायची, चेहरा दाखवायचा, कोणत्या विभागात जायचंय ते निवडायचं. तो बापडा 'मासळी' म्हणाला तर दारावरचा शिपाई त्याला कृषी विभागाकडे पाठवेल. त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय आहे.